वीज गेली, आणि महिनाभर आलीच नाही तर?

वीज जाणे ही गोव्यात बातमी होत नाही. मृगाआधीचा पहिला वारा सुटतो, माडाचे एखादे झावळ तारांवर येऊन पडते आणि वाड्यावरचे दिवे जातात. शेजारी शेजाऱ्याला ‘तुमच्याकडेही गेली काय?’ असे विचारतो, होकार आला की दोघांनाही थोडे बरे वाटते, आणि मग सगळे वाट पाहू लागतात. या वाट पाहण्याच्या मुळाशी एक न बोललेली खात्री असते. तासाभराने म्हणा, उद्या सकाळी म्हणा, वीज येणार. मे २०२१ च्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा ही खात्री थोडी हलली. झाडे उन्मळली, खांब वाकले, महाराष्ट्रातून राज्यात येणाऱ्या २२० केव्ही वाहिन्यांनाही इजा पोहोचली आणि कित्येक गावांनी लागोपाठ काही रात्री अंधारात काढल्या. कोविडच्या दुसऱ्या लाटेचा तो ऐन काळ होता. तरीही आठवडा उलटण्याच्या सुमारास बहुतेकांचे जीवन रुळावर आले आणि आपण तो विषय विसरलो.

आठवड्याऐवजी तीन महिने लागले असते तर काय झाले असते? हा प्रश्न कादंबरीकाराचा वाटेल, परंतु एका लहानशा प्रदेशाने त्याचे उत्तर प्रत्यक्ष जगून दाखवले आहे. कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको हे अमेरिकेच्या अखत्यारीतील बेट. क्षेत्रफळ गोव्याच्या सुमारे अडीचपट, लोकसंख्या २०१७ साली सुमारे ३३ लाख. चार शतके स्पेनची सत्ता, गावोगावची चर्चे, समुद्रावर जगणारी किनारपट्टी, पर्यटन, औषधनिर्मितीचे कारखाने, रोजगारासाठी दूर गेलेली मुले आणि घरी मागे राहिलेले आईवडील, हे सारे पाहिले तर गोमंतकीयाला ते बेट फारसे परके वाटू नये. आणखी एक साम्य विशेष महत्त्वाचे आहे. तेथील मोठी वीजकेंद्रे प्रामुख्याने दक्षिण किनाऱ्यावर, तर राजधानी सान हुआन आणि विजेची मोठी मागणी उत्तरेस. मध्ये डोंगररांग. म्हणजे बेटाची वीज डोंगर ओलांडून शहरात येते. आपलीही येते.

२० सप्टेंबर २०१७ रोजी पहाटे मारिया चक्रीवादळ ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह या बेटावर आदळले. डोंगरातले मनोरे आडवे झाले आणि संपूर्ण बेटाची वीज गेली. मोबाइल मनोऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के बंद पडले. पहिल्या काही दिवसांत जे घडले ते पाहण्यासारखे आहे. सान हुआनच्या बंदरात अन्न, पाणी आणि औषधांनी भरलेले हजारो कंटेनर येऊन पडले होते, पण ते हलेनात. ट्रकचालकांशी संपर्क साधायला फोन नव्हते, चालक आले तर डिझेल नव्हते, डिझेल मिळाले तर रस्त्यात झाडे आणि खांब पडलेले होते. दुकाने उघडी होती तेथे कार्ड चालत नव्हते. एटीएम बंद, बँकांच्या बहुतेक शाखा बंद. शेवटी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला विमानाने नोटा पाठवाव्या लागल्या. अमेरिकेतल्या रुग्णालयांना याचा फटका वेगळ्याच वाटेने बसला. सलाइनच्या लहान पिशव्या बनवणारे मोठे कारखाने या बेटावर होते. ते थंडावल्यामुळे हजारो किलोमीटर दूरच्या रुग्णालयांत सलाइनची टंचाई झाली. वेर्णे किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतींकडे पाहताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्या राज्यातील औषधेही दूरदूर जातात.

शंभर दिवस उलटले तेव्हाही तेथील जवळजवळ निम्मे ग्राहक विजेविना होते. आणि या काळात लोक मरत होते, मात्र ते कोणाच्या नजरेस येत नव्हते. मृतांचा सरकारी आकडा कितीतरी महिने ६४ वरच थांबला होता. घर कोसळून, पुरात वाहून किंवा दरडीखाली सापडून गेलेल्यांचीच मोजदाद होत होती. पुढे सरकारनेच जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाकडे अभ्यास सोपवला. त्यांनी साधा प्रश्न विचारला: सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात एरवी जितके मृत्यू अपेक्षित होते, त्याहून किती अधिक झाले? उत्तर आले २,९७५. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने हा आकडा अधिकृत म्हणून स्वीकारला. धोका सर्वाधिक होता तो गरीब भागांतील लोकांना आणि ६५ वर्षांवरील पुरुषांना. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी घरोघरी जाऊन केलेल्या एका वेगळ्या पाहणीत नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश मृत्यूंमागे उपचारांना झालेला विलंब किंवा त्यांत पडलेला खंड हे कारण दिसले. वादळ एका दिवसात निघून गेले होते. ही माणसे गेली ती त्यानंतरच्या आठवड्यांत, आपापल्या घरी, अंथरुणावर.

हे समजून घेण्यासाठी विजेच्या जाळ्याचा स्वभाव थोडा पाहावा लागेल. जाळे दोन प्रकारे बंद पडते. ते झोपते, किंवा ते मोडते.

झोपण्याची दोन उदाहरणे आपल्याला जवळची आहेत. ३० जुलै २०१२ रोजी मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास उत्तर भारताचे जाळे कोसळले. बिना ते ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी तुटल्याचे ते निमित्त. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा तो प्रदेश होता. शेकडो गाड्या जागीच थांबल्या आणि पूर्वेकडील कोळसा खाणींत पाळणे बंद पडल्याने कामगार भूगर्भात अडकले. पश्चिमेचे जाळे मात्र वेगळे होऊन टिकले, म्हणून गोव्याला त्या दिवशी काही जाणवले नाही. दुसरे उदाहरण २८ एप्रिल २०२५ चे. स्पेनमध्ये दुपारी साडेबाराच्या सुमारास अवघ्या पाच सेकंदांत सुमारे १५ हजार मेगावॉट वीज नाहीशी झाली आणि स्पेनबरोबर पोर्तुगालही बंद पडला. लिस्बनमध्ये नातेवाईक असलेल्या गोमंतकीय कुटुंबांना तो दिवस आठवत असेल.

असे का होते? वीज जाळ्यात साठून राहत नाही. या क्षणी जितकी वापरली जाते तितकीच या क्षणी निर्माण व्हावी लागते. तोल साधला आहे की नाही हे वारंवारितेवरून कळते. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ. तोल फार ढळला किंवा वाहिन्यांतील दाब मर्यादेबाहेर गेला की प्रत्येक वीजकेंद्र स्वतःची यंत्रे वाचवण्यासाठी आपणहून बाजूला होते. एक बाजूला झाले की उरलेल्यांवरचा भार वाढतो, मग दुसरे, मग तिसरे. हे सारे सेकंदांत आटोपते. पण त्यात कोणतेही यंत्र जळालेले नसते. जाळे झोपलेले असते.

त्याला जागे करणे मात्र नाजूक काम आहे. औष्णिक केंद्र सुरू करायचे तर आधी त्याचे पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या चालवाव्या लागतात, आणि त्यांना वीज लागते. हा पेच सोडवतात जलविद्युत केंद्रे. धरणाचे दार उघडण्यापुरती शक्ती एका लहान डिझेल जनित्रातून मिळाली की पाणी चक्र फिरवते. त्या विजेवर शेजारचे मोठे केंद्र उठवायचे, त्याला थोडाच भार द्यायचा, मग पुढचे. अशी वेगवेगळी बेटे तयार करून, त्यांची वारंवारिता जुळवून, ती एकमेकांना जोडायची. पोर्तुगालने हे काम कास्तेलो दो बोदे या धरणावरील केंद्रातून आणि एका वायुकेंद्रातून केले. स्पेनला फ्रान्स व मोरोक्कोकडूनही आधार मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेक सर्वत्र दिवे आले होते.

जाळे मोडते तेव्हा यातले काहीच उपयोगाचे नसते. मनोरे पुन्हा उभारावे लागतात, डोंगरात तारा ओढाव्या लागतात. उच्चदाबाचा मोठा ट्रान्स्फॉर्मर जळाला तर तो दुकानात तयार मिळत नाही. शंभर-दोनशे टनांचे ते धूड मागणीप्रमाणे बनवले जाते, त्याला वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो, आणि ते घाटातून आणायचे म्हणजे आणखी एक मोहीम. दीर्घकाळची वीजटंचाई येते ती या दुसऱ्या वाटेने.

डिसेंबर २०१३ च्या अखेरच्या दिवशी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाशी एका वारंवारितेने जोडला गेला. तेव्हापासून आपण जगातल्या मोठ्या एकसंध जाळ्यांपैकी एकाचे टोक आहोत. टोक हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. गोव्याची स्वतःची म्हणावी अशी मोठी वीजनिर्मिती नाही. छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल, तेलंगणातील रामगुंडम अशा केंद्रीय प्रकल्पांतून आपल्या वाट्याची वीज येते. कोल्हापूरकडून कोलवाळपर्यंत ४०० केव्हीची वाहिनी, कर्नाटकातील आंबेवाडीहून फोंड्याकडे २२० केव्हीची वाहिनी, अशा मोजक्याच वाटा आहेत, आणि त्या साऱ्या सह्याद्री उतरूनच येतात. एके काळी सांकवाळला नाफ्थावर चालणारा ४८ मेगावॉटचा खाजगी प्रकल्प होता. त्याची वीज घेणे राज्याने थांबवले. महागड्या इंधनामुळे तो व्यवहार परवडणारा नव्हता हे खरे, पण घाटाच्या या बाजूला असलेले एक केंद्र गेले हेही खरे. तमनार प्रकल्पाच्या वाहिनीवरून मोले येथे जो वाद झाला तो येथे उकरून काढण्याचे कारण नाही. इतकेच म्हणता येईल की वाट वाढली की जाळे झोपण्याचा धोका कमी होतो; मोडण्याचा धोका तितक्या प्रमाणात कमी होत नाही, कारण नवी वाहिनीही त्याच घाटातून, त्याच वाऱ्यातून आणि त्याच पावसातून येणार.

आता समजा, वाट मोडली. गोव्यात पहिला प्रश्न दिव्यांचा नसेल, पाण्याचा असेल. तिसवाडी आणि फोंड्याला खांडेपार नदीवरील ओपा प्रकल्पातून, बार्देशला अस्नोड्यातून, सासष्टी व मुरगावला साळावलीतून पाणी मिळते. पाणी शुद्ध करून टेकड्यांवरील टाक्यांत चढवायचे आणि तेथून उताराने खाली सोडायचे अशी ही रचना आहे. चढवण्याचे काम पंप करतात. पंप थांबले की टाकीत असेल तेवढेच पाणी. सदनिकांच्या इमारतींत तर दोनदा चढण आहे, कारण तळटाकीतून गच्चीवर पाणी नेणारा पंपही विजेचाच. काटकसर करणाऱ्या इमारतीचे पाणी दोन दिवस पुरेल. त्यानंतर चौथ्या मजल्यावरील वृद्ध दांपत्याला कळशी उचलून जिने चढावे लागतील, आणि शौचालयासाठी लागणारे पाणी हा पिण्याच्या पाण्याहून मोठा प्रश्न ठरेल. सांडपाणी उपसणारी यंत्रेही त्याच विजेवर चालतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपार येथे जलवाहिनी फुटून पणजीचे पाणी कित्येक दिवस बंद झाले होते. तेव्हा वीज होती, फोन होते, टँकर धावत होते; तरीही शहराची काय दशा झाली ते पणजीकरांना विचारावे.

विहिरी आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि गोव्याचे ते मोठे भाग्य आहे. परंतु आपल्या अंगणातल्या विहिरीकडे एकदा नीट पाहावे. रहाटाचे खांब केव्हाच काढले गेले. वर लोखंडी जाळी बसवली, तीतून पंपाचा पाइप आत गेला, आणि दोर कोठे आहे ते घरातल्या कोणालाच ठाऊक नाही. शेजारी नवी बांधकामे झाली असतील तर शोषखड्डा विहिरीपासून किती अंतरावर आहे हेही पाहावे लागेल. पोर्तो रिकोत नळ बंद झाल्यावर लोकांनी ओढ्याचे पाणी प्यायले आणि लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. आपल्याकडे पावसाळ्यात हा आजार नवा नाही. पाणी उकळणे, विहिरीत प्रमाणात क्लोरीन टाकणे हे ज्ञान साधे आहे, पण ते फोन चालू असतानाच पोहोचवायला हवे.

ऋतूचाही विचार हवा. जुलैत वीज गेली तर छपराचे पाणी धरता येईल, विहीर काठोकाठ भरलेली असेल, उकाडा सुसह्य असेल. सर्वांत वाईट महिना मे. विहिरी तळाला गेलेल्या, उन्हाची काहिली, हॉटेले पर्यटकांनी भरलेली. आणि तौक्ते मे महिन्यातच आले होते.

दुसरा प्रश्न पैशांचा, आणि तो फोनशी जोडलेला आहे. मोबाइलच्या मनोऱ्यांना बॅटऱ्या असतात, त्या काही तास चालतात. पुढे डिझेल. ते संपले की फोन मुके होतात आणि त्याच क्षणी खिशातले पैसेही मुके होतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आज पालेभाजीची जुडी विकणारी बाईसुद्धा क्यूआर कोडचा कागद समोर ठेवते. सोयीचे आहे, पण त्या सोयीमुळे घरात नोटा ठेवण्याची सवय गेली. गोव्याची भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावहून येते, दूधही शेजारच्या राज्यांतून येते. अंधार केवळ गोव्यात असेल तर चोर्ल्याचा घाट उतरून ट्रक येत राहतील. चालकाला मात्र रोख लागेल. अंधार घाटापलीकडेही असेल तर गणित निराळेच होईल, कारण मग बेळगावला स्वतःचीच चिंता असेल. ‘स्थानिक’ आणि ‘व्यापक’ टंचाईतला हा फरक आपत्तीच्या चर्चेत फार क्वचित केला जातो.

या सगळ्याच्या तळाशी डिझेल आहे. रुग्णालयाला जनित्र, जलप्रकल्पाला जनित्र, मोबाइल मनोऱ्याला जनित्र, बर्फाच्या कारखान्याला जनित्र, तारांकित हॉटेलला जनित्र. प्रत्येक जण म्हणतो, आमची पर्यायी व्यवस्था आहे. प्रत्येकाचे म्हणणे खरे आहे, पण सगळ्यांचा पर्याय एकच आहे, तो एकाच साठ्यातून येतो, आणि तो साठा टाकीत भरणारा पेट्रोलपंपही विजेवर चालतो. शिवाय जनित्रे काही तासांसाठी बनवलेली असतात. आठवडेच्या आठवडे अहोरात्र चालवली की तेल, फिल्टर, सुटे भाग लागतात. मारियानंतर काही रुग्णालयांत वीज पुन्हा गेली ती जनित्रच थकल्यामुळे. जर्मन संसदेच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाने २०११ मध्ये दीर्घकाळच्या वीजखंडावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. जर्मनीसारख्या शिस्तबद्ध आणि संपन्न देशातही काही दिवसांतच जनतेला आवश्यक वस्तू व सेवा पुरवणे अशक्य होऊ लागेल, असा त्याचा निष्कर्ष होता.

मासळीचे उदाहरण घेतले तर ही साखळी चांगली कळते. मालीम किंवा कुटबणच्या धक्क्यावरचा ट्रॉलर समुद्रात जातो तो बर्फ भरून. बर्फ नाही तर ट्रॉलर नाही, कारण दोन-चार दिवसांची मासळी टिकणार कशी? म्हणजे वीज गेल्यावर काही दिवसांत मोठा मासेमारी व्यवसाय बांधलेला राहील. पण रापणकार जाईल. त्याला बर्फ लागत नाही. सकाळी ओढलेले मासे दुपारपर्यंत वाड्यावर संपतात आणि उरलेले वाळूत सुकतात. मोठी, दूरवर पसरलेली व्यवस्था आधी पडते आणि लहान, जवळची व्यवस्था तग धरते, असे हे चित्र आहे. मात्र रापणकार साऱ्या गोव्याला पुरेल असे कोणी समजू नये.

येथेच एका लाडक्या समजुतीचा समाचार घ्यायला हवा. ‘आमच्या आजोबांनी विजेशिवाय संसार केला, आम्हीही करू’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. मुक्तीपूर्वी गोव्यातील बहुतेक गावांत वीज नव्हती, हे खरे. पण १९६० च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे ५ लाख ९० हजार होती. २०११ मध्ये ती १४ लाख ५८ हजार झाली. आजोबांच्या घरी रहाट होता, जाते होते, चूल होती, लाकडाची मोळी होती, हे सर्व चालवणारे हात होते, आणि चौथा मजला नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुरुमेंत होते. पावसाच्या चार महिन्यांत समुद्र बंद, वाटा चिखलात बुडालेल्या, म्हणून मे महिन्यातच तांदूळ, सुकी मासळी, आमसुले, चिंच, मिरच्या, फणसाचे पापड आणि सरपण घरात भरून ठेवायचे. पुरवठा तुटणार हे गृहीत धरून आखलेली ती व्यवस्था होती. मडगावला पुरुमेंताचे फेस्त आजही भरते, पण आता त्यात हौस अधिक आणि गरज कमी. आजोबा विजेशिवाय जगले ते काटक होते म्हणून नव्हे. त्यांच्याभोवतीची सगळी मांडणीच विजेशिवाय चालणारी होती. आपण ती मोडून दुसरी मांडणी केली. त्यात काही चुकले असे मी म्हणत नाही. कळशी वाहून कमरेत वाकलेल्या आज्यांना विचारले तर त्या पंपालाच दुवा देतील. पण जुनी मांडणी अडचणीच्या वेळी आपोआप परत येईल, ही आशा खोटी आहे.

लुटालूट होईल काय, याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७७ च्या अंधारात दुकाने लुटली गेली, २००३ च्या अंधारात तेच शहर शांत राहिले. व्हेनेझुएलात मार्च २०१९ मध्ये जवळजवळ आठवडाभर वीज नव्हती तेव्हा काही शहरांत मोठी लूट झाली, पण तो देश आधीच उपासमारीच्या काठावर होता. साधारणतः माणसे एकमेकांना धरून राहतात. गोव्याच्या वाड्यावाड्यांत हे बळ आहे. बंद दारांच्या नव्या वसाहतींत किती आहे, ते सांगणे कठीण.

आणि मग घरातले रुग्ण. बांबोळीच्या गोमेकॉसारख्या मोठ्या रुग्णालयाला डिझेल सर्वांत आधी मिळेल. प्रश्न आहे तो प्राणवायूचे यंत्र लावून घरी पडून असलेल्या माणसाचा, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्याचा. डायलिसिसच्या एका खेपेला शंभर लिटरहून अधिक, विशेष शुद्ध केलेले पाणी लागते. वीज नुसती असून भागत नाही. पोर्तो रिकोजवळच्या व्हिएकेस या लहान बेटावरचे रुग्णालय मारियात निकामी झाले, तेव्हापासून तेथील मूत्रपिंडाच्या रुग्णांना डायलिसिससाठी विमानाने मोठ्या बेटावर न्यावे लागले. इन्शुलिनचे त्या मानाने बरे. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे शीतकपाटाबाहेर टिकते, आणि ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके उन्हाळ्यातही तिला पुरेसा गारवा देते. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीपुढील लोकांचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक होते; देशात केरळचा क्रमांक पहिला, आपण त्याच्या मागोमाग. यांपैकी कितीतरी जण मोठ्या घरात एकटे असतात. मुलगा लंडनला, मुलगी दुबईला, आणि रोज रात्री येणारा व्हिडिओ कॉल हाच आधार. तो कॉल पहिल्याच दिवशी बंद होणार आहे.

सौरऊर्जेचा उपाय सर्वांच्या ओठांवर आहे, आणि त्याबाबत एक गैरसमज आधी दूर करावा लागेल. छतावर बसवलेली बहुतेक सौर संयंत्रे जाळ्याला जोडलेली असतात, आणि जाळ्याची वीज गेली की ती आपोआप बंद होतात. हा दोष नाही. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छतावरून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही योजना आहे. भर दुपारी, छतावर लखलखीत ऊन असताना, घरात मात्र पंखा बंद, असा अनुभव अनेकांनी घेतला असेल. वीज नसतानाही चालायचे तर बॅटरी आणि स्वतंत्रपणे चालू शकणारा इन्व्हर्टर लागतो. तो महाग असतो, प्रत्येक घराला परवडणार नाही.

प्रत्येक घराला तो लागतही नाही. एका गावापुरता हिशेब करू. पाच किलोवॉटचे पॅनेल कोरड्या दिवसांत रोज साधारण वीस युनिट देतात. एक अश्वशक्तीचा पंप चार तास चालवून सार्वजनिक विहिरीचे पाणी काढायला तीन युनिट. आरोग्य उपकेंद्रातील लसी आणि औषधांच्या शीतकपाटाला दोन. प्राणवायूचे एक यंत्र अहोरात्र चालायला आठ-नऊ. दोनशे फोन भरायला तीन. दिवे आणि रेडिओ यांना एक. एवढे सारे बसते. पावसाळ्यात ऊन निम्म्यावर येईल, तेव्हा पाणी मुबलक असल्याने पंपाचे युनिट वाचतील, पण काहीतरी कमी करावेच लागेल. नेमके काय कमी करायचे, हे पंचायतीने आधी ठरवलेले बरे.

पोर्तो रिकोच्या डोंगरातील आदहुन्तास या गावात कासा पुएब्लो नावाची संस्था एका जुन्या गुलाबी घरात चालते. डोंगरातील खाणींना विरोध करण्यासाठी १९८० मध्ये ती सुरू झाली, आणि १९९९ पासून तिने घरावर सौर पॅनेल बसवले होते. मारियानंतर ते घर गावाचा आधार झाले. लोक तेथे येऊन फोन भरत, श्वासाची यंत्रे चालवत, निरोप ठेवत. संस्थेने डोंगरातल्या वस्त्यांना सौर कंदील वाटले. पुढे न्हाव्याचे दुकान, हार्डवेअरचे दुकान, डायलिसिसच्या रुग्णांची घरे अशा ठिकाणी पॅनेल बसवण्यात आले. हार्डवेअरचे दुकान या यादीत असण्यामागे व्यवहारज्ञान आहे: आपत्तीनंतर खिळे, दोर आणि ताडपत्री यांची गरज सर्वांना पडते.

आपल्याकडे हेच काम शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीत, मंदिराच्या अग्रशाळेत अथवा चर्चच्या सभागृहात होऊ शकेल. त्याबरोबर दर तालुक्यात जनित्र असलेले एक-दोन पेट्रोलपंप राखून ठेवावे लागतील, आणि रुग्णालये व जलप्रकल्प यांच्या डिझेलचा क्रम मामलेदारांकडे लेखी असावा लागेल. सार्वजनिक विहिरींवर रहाट पुन्हा बसवायला फार खर्च येत नाही. प्राणवायूच्या यंत्रावर, डायलिसिसवर किंवा इन्शुलिनवर असलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसांची प्रभागवार यादी आरोग्य केंद्रात असावी, आणि ती कागदावर असावी. संगणकातील यादी ज्या दिवशी लागेल त्या दिवशी उघडणार नाही.

पोर्तो रिकोच्या शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचली ती ऑगस्ट २०१८ मध्ये, जवळजवळ अकरा महिन्यांनी. त्याआधी १८ एप्रिल रोजी, वाहिनीजवळ काम करणाऱ्या एका उत्खनन यंत्राचा धक्का लागून संपूर्ण बेट पुन्हा एकदा अंधारात गेले होते. आदहुन्तासमधील त्या गुलाबी घराची वीज बेटाच्या जाळ्यातून येत नव्हती.